ब्रायटन बीचच्या आजी-आजोबांची यिडिश कशी नोंदवावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. (यिडिश म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंची, जर्मनशी जवळचे नाते असलेली भाषा.) न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या ब्रायटन बीच भागातल्या वृद्धांच्या एका डे-केअर सेंटरमध्ये तुम्ही एम.ए.च्या प्रकल्पाचे काम करता. तिथल्या ज्यू आजी-आजोबांना तुम्ही छापील फॉर्म दिला. त्यात ‘तुम्हाला यिडिश येते का?’ असे विचारले होते आणि बहुतेकांनी ‘नाही’ अशी खूण केली. पण जेवणाच्या टेबलावर त्याच लोकांच्या तोंडून तुम्हाला यिडिश ऐकू येते. आता फॉर्मवर विश्वास ठेवावा की कानांवर, रेकॉर्डिंग करायचे तर कसे, आणि त्यासाठी स्वतः यिडिश शिकावी लागेल का?

फॉर्मही खोटा नाही आणि कानही नाहीत. भाषा येणे, भाषा वापरणे आणि ‘मला ही भाषा येते’ असे सांगणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्या फॉर्मने तिसरी मोजली, कानांनी दुसरी टिपली, आणि पहिली अजून कोणीच मोजलेली नाही. अहवालात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत ठेवल्यात तर निम्मा गोंधळ तिथेच मिटेल. राहिलेला निम्मा सोडवण्यासाठी ते ‘नाही’ कुठून आले ते समजून घ्यावे लागेल.

आधी माणसे वेगळी करा. ब्रायटन बीचमध्ये ज्यू वृद्धांचे निदान दोन थर आहेत. पहिला थर जुन्या अमेरिकन कुटुंबांचा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॅनहॅटनमधल्या लोअर ईस्ट साइडच्या गर्दीतून निघून समुद्राकाठी आलेल्यांची ही मुले. यांच्या घरी ‘फोरवर्ट्स’ हे १८९७ साली सुरू झालेले यिडिश वर्तमानपत्र येई, रेडिओवर यिडिश कार्यक्रम लागत, काहींना कामगार संघटनांच्या संध्याकाळच्या यिडिश शाळांत घातलेले असे. आई-वडील यिडिशमध्ये बोलत आणि मुले इंग्रजीत उत्तर देत. हा थर आता फार विरळ झाला आहे. दुसरा आणि मोठा थर १९७० नंतर सोव्हिएत संघातून आलेल्यांचा. यांची रोजची भाषा रशियन. तुमच्या सेंटरमधले बहुतेक लोक याच थरातले असणार, म्हणून पुढचे सगळे त्यांना धरून लिहितो.

सोव्हिएत थरात जन्मसाल आणि जन्मगाव कळले की अर्धे उत्तर हाती येते. वयापेक्षाही गाव महत्त्वाचे. १९३५ साली मॉस्को किंवा लेनिनग्राडमध्ये जन्मलेल्या मुलाच्या घरी बहुधा रशियनच बोलली जायची, यिडिश फक्त आजीची. त्याच साली चेर्निव्त्सी (आज युक्रेनमध्ये) किंवा किशिनेवमध्ये (आज मोल्दोवाची राजधानी) जन्मलेले मूल १९४० पर्यंत रोमानियात वाढले. तिथे यिडिश रस्त्यावर आणि दुकानात होती. वेस्टर्न बेलारूस, लिथुआनिया, लॅटव्हिया यांचेही तसेच. ते प्रदेश १९३९-४० मध्ये सोव्हिएत सत्तेखाली आले. म्हणून ‘जन्म कुठे झाला’ एवढ्यावर थांबू नका. ‘१९३९ च्या आधी तुमचे गाव कोणत्या देशात होते’ हेही विचारा.

तिसरा वेगळा भाग म्हणजे दक्षिण युक्रेनमधला नीस्टर आणि बूग या नद्यांमधला पट्टा. १९४१ ते १९४४ मध्ये तो रोमानियाच्या ताब्यात होता आणि ‘ट्रान्सनिस्ट्रिया’ म्हणून ओळखला जाई. तिथेही प्रचंड हत्या, उपासमार आणि रोगराई झाली. तरी बेर्शाद, शारगोरोद, मोगिलेव्ह-पोदोल्स्की अशा गावांत शेजारच्या जर्मन ताब्यातल्या भागापेक्षा जास्त ज्यू वाचले. परिणामी युद्धानंतरही या छोट्या गावांत यिडिश बोलणारी वस्ती टिकली. इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २००२ पासून युक्रेन आणि आसपासच्या देशांत वृद्धांच्या यिडिश मुलाखतींचा जो मोठा संग्रह केला, त्यात या पट्ट्यातले बरेच आवाज आहेत. तुमच्या सेंटरमध्ये या गावांतली एखादी आजी सापडली आणि तिने फॉर्मवर ‘नाही’ लिहिले असेल, तर तिच्याकडे सर्वांत आधी परत जा.

आता ‘नाही’ची कारणे. पहिले कारण भीतीचे, आणि ते वरून दिसत नाही. सोव्हिएत युक्रेन आणि बेलारूसमध्ये एकेकाळी सरकारी यिडिश शाळा होत्या. त्या बहुतेक १९३८ च्या सुमारास बंद झाल्या. १९४८ मध्ये ज्यू फासिस्टविरोधी समिती (युद्धकाळात सरकारच्याच पुढाकाराने स्थापन झालेली) बरखास्त झाली, यिडिश प्रकाशनसंस्था बंद पडली, आणि १२ ऑगस्ट १९५२ रोजी मॉस्कोत त्या समितीच्या खटल्यातल्या १३ जणांना मृत्युदंड देण्यात आला. त्यांत पेरेत्स मार्किश, डेव्हिड बर्गेलसन यांच्यासारखे यिडिशचे मोठे लेखक होते. ज्या मुलांनी आई-वडिलांना ट्रॅममध्ये एकदम गप्प होऊन रशियनवर येताना पाहिले, ती मुले आज नव्वदीच्या आसपास आहेत. अशा माणसापुढे अनोळखी व्यक्तीने कागद धरून ही भाषा येते का असे विचारले तर हात आपोआप ‘नाही’कडे जातो.

दुसरे कारण फॉर्म या वस्तूचेच. या लोकांचे आयुष्य मदतीचे अर्ज, आरोग्य योजनांचे अर्ज आणि नुकसानभरपाईचे अर्ज भरण्यात गेले आहे. प्रत्येक रकान्याचा कुठेतरी परिणाम होतो हे त्यांना पक्के माहीत आहे. तुमचा कागद कोणत्या कार्यालयात जाणार हे कळले नाही, तर सुरक्षित उत्तर एकच असते.

तिसरे कारण ‘खऱ्या’ यिडिशच्या कल्पनेचे. वर सांगितल्याप्रमाणे शाळा १९३८ च्या सुमारास बंद झाल्या, म्हणजे सात वर्षांचा होऊन त्या शाळेत जेमतेम पोचलेला मुलगाही १९३१ चा. आजच्या वृद्धांपैकी जवळजवळ कोणीच यिडिश वाचायला-लिहायला शिकलेले नाही. अपवाद रोमानिया, पोलंड आणि बाल्टिक भागांत लहानपण गेलेल्यांचा. यिडिश हिब्रू लिपीत लिहितात. ती अक्षरे येत नाहीत म्हणून ही माणसे प्रामाणिकपणे म्हणतात की मला यिडिश येत नाही, मी फक्त घरातले बोलतो. त्यामुळे वाचनाची परीक्षा कधीच घेऊ नका. आणि सोव्हिएत शाळेत शिकलेला कोणी भेटलाच, तर त्याचे लेखन चुकीचे समजू नका. तिथे हिब्रूतून आलेले शब्दही उच्चाराप्रमाणे लिहायला शिकवत, त्यामुळे ते पुस्तकातल्या यिडिशपेक्षा वेगळे दिसते.

चौथे कारण तुमच्या प्रश्नाच्या शब्दातच आहे. सोव्हिएत कागदपत्रांत आणि रोजच्या रशियनमध्ये या भाषेला ‘येव्रेय्स्की’, म्हणजे ज्यू भाषा, असे म्हणत. रशियन फॉर्मवर ‘यिडिश’ असे छापले की काहींना ती पुस्तकांतली, नाटकांतली, दुसऱ्या कोणाची तरी भाषा वाटते. ‘पो-येव्रेय्स्की’ बोलता का असे विचारले की तोच माणूस मान हलवतो. प्रश्न तोंडी विचारताना दोन्ही शब्द वापरा आणि कोणत्या शब्दाला काय उत्तर आले ते लिहून ठेवा.

म्हणून ‘येते का’ हा प्रश्न काढून टाका. समाजभाषाशास्त्रज्ञ जोशुआ फिशमन यांनी १९६५ मध्ये मांडलेली दृष्टी इथे फार उपयोगी पडते: कोण, कोणाशी, कोणती भाषा, कधी बोलते. फिशमन यांचा यिडिशचा अभ्यासही मोठा होता, त्यामुळे ही दृष्टी या भाषेला चपखल बसते. मी प्रश्न साधारण या क्रमाने विचारतो. लहानपणी घरात कोण कोण राहत होते? आजी तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलायची, आणि तुम्ही उत्तर कोणत्या भाषेत द्यायचात? मुलांना कळू नये असे काही असले की आई-वडील कोणती भाषा बोलायचे, आणि ते तुम्हाला कळायचे का? १९४१ मध्ये तुम्ही कुठे होतात? (अनेक कुटुंबे तेव्हा ताश्कंद आणि मध्य आशियात हलवली गेली. तिथल्या एका खोलीत आजी-आजोबांबरोबर काढलेल्या वर्षांत कित्येकांची यिडिश पक्की झाली.) लग्नानंतर नवरा-बायको आपसात काय बोलत? मुलांशी? आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: या भाषेत तुम्ही सलग गप्पा शेवटच्या कोणाशी मारल्या, साधारण कोणत्या वर्षी?

या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा भाषेच्या आकडेवारीपेक्षा जास्त सांगते. नवरा गेला, बहीण गेली, मजल्यावरची मैत्रीण मुलाकडे न्यू जर्सीला गेली, की भाषा जशीच्या तशी डोक्यात असते पण तिला ऐकणारे कोणी उरत नाही. अशा माणसाला ‘यिडिश विसरलेला’ म्हणणे चूक आहे. समोर जोडीदार बसवला की वीस मिनिटांत वाक्ये येऊ लागतात. आधी अडखळत, मग रशियन शब्दांच्या आधाराने, मग सरळ.

आता टेबलावरची नोंद. तुमचे कान यिडिश ऐकत आहेत हे खरे, पण जे ऐकू येते ते सगळे एका वजनाचे नाही. ओडेसा किंवा कीव्हच्या ज्यूंच्या रशियनमध्ये नातलग, कटकटी, मुलांचा अभिमान यांसाठी यिडिश शब्द सर्रास येतात. तो माणूस पूर्ण रशियन बोलत असतो, तरी नवख्याला ती यिडिश वाटते. म्हणून चार पायऱ्या ठेवा. पहिली: रशियन वाक्यातला सुटा शब्द. दुसरी: ठरीव गोष्ट, म्हणजे म्हण, शिवी, आशीर्वाद, गाण्याची ओळ. तिसरी: त्या क्षणी स्वतः रचलेले पूर्ण वाक्य. चौथी: दोघांमध्ये निदान तीन वेळा पलटून झालेला संवाद. वीस-वीस मिनिटांचे तुकडे घ्या, एका वेळी एकच टेबल, आणि प्रत्येक तुकड्यात टेबलावर कोण बसले होते ते लिहा. मदतनीस बाई ताट घेऊन आल्या की भाषा बदलते का, त्या गेल्यावर परत येते का, याची वेगळी खूण करा. पहिल्या दोन पायऱ्यांना मी ‘वापर’ म्हणून मोजत नाही. त्या नोंदवतो, पण बेरजेत धरत नाही. तुमच्या विभागाचे मत वेगळे असू शकते. मात्र जे ठरवाल ते सुरुवातीलाच ठरवा, नाहीतर शेवटी हवा तो आकडा काढता येतो.

जेवणाच्या वेळेपेक्षा न्याहरीनंतरचा तास चांगला. लोक ताजे असतात, श्रवणयंत्राची बॅटरी भरलेली असते, आणि टीव्ही लागायचा असतो.

मुलाखत घेताना सर्वांत जास्त बिघडते ते एका कारणाने: समोरचा माणूस तुमच्यासाठी भाषा बदलतो. तुम्ही वर्गात शिकलेल्या प्रमाण यिडिशमध्ये विचारले, तर काहीजण आपली बोली लपवून तुमच्यासारखे बोलायचा प्रयत्न करतात. काहीजण शिकलेल्या परक्या माणसाला शोभावे म्हणून जर्मनकडे झुकतात आणि मग हातात ना धड जर्मन, ना धड यिडिश. यावरचा उपाय म्हणजे स्वतः मागे बसणे. एकाच भागातल्या, एकमेकांना ओळखणाऱ्या दोन व्यक्ती समोरासमोर बसवा, विषय द्या आणि बाजूला व्हा. वेगवेगळ्या बोलींची माणसे मुद्दाम एकत्र बसवू नका. उत्तरेकडच्या आणि दक्षिणेकडच्या बोलीवाल्यांत एकमेकांच्या उच्चारांची थट्टा जुनी आहे, आणि ज्याची थट्टा होते तो रशियनवर येतो.

विषय म्हणून मासा अचूक चालतो. सणाचा सारण भरलेला गेफिल्टे फिश पश्चिमेकडे, पोलंड-गॅलिसियाच्या (गॅलिसिया म्हणजे आजचा दक्षिण पोलंड आणि पश्चिम युक्रेन) बाजूला, साखर घालून करत, आणि पूर्वेकडे मिरी घालून. ही चवीची रेघ बोलींच्या एका सीमेला बरीच समांतर जाते, हे भाषाशास्त्रज्ञ मार्व्हिन हर्झोग यांनी १९६० च्या दशकात दाखवले. ‘तुमच्या आईचा मासा गोड की मिरीचा?’ एवढे विचारले की वाद सुरू होतो, वादात लोक उच्चार सांभाळायचे विसरतात, आणि माणूस कुठल्या बाजूचा त्याचाही अंदाज येतो. गाण्यांपासून मात्र जपा. प्रत्येक सेंटरमध्ये एखादे आजोबा असतात ज्यांना दहा गाणी तोंडपाठ असतात आणि जे सगळा तास भरून काढतात. गाणी आनंदाने ऐका, पण ती पाठांतराची भाषा आहे. कित्येकदा ती रेकॉर्डवरून शिकलेली असल्याने त्यांच्या गावच्या बोलीचीही नसते.

बोली ओळखण्यासाठी लांब यादी लागत नाही. चित्रे दाखवा, शब्द स्वतः उच्चारू नका. पाव, मांस आणि आईबरोबरचे मूल अशी तीन चित्रे, आणि ‘चांगले’ हा शब्द बोलण्यात येईल असा एखादा प्रश्न पुरतो. पावाला ‘ब्रेइट’ म्हटले तर माणूस लिथुआनिया-बेलारूसच्या उत्तरेकडच्या बोलीचा. बाकीचे ‘ब्रॉइट’ म्हणतात. ‘चांगले’साठी ‘गिट’ आणि मांसासाठी ‘फ्लाइश’ म्हणणारा पोलंड-गॅलिसियाचा. ‘गिट’ पण ‘फ्लेइश’ म्हणणारा युक्रेन-बेसारेबियाचा (बेसारेबिया म्हणजे साधारण आजचा मोल्दोवा), आणि त्याने आईला ‘मामे’ऐवजी ‘मोमे’ म्हटले तर शंका उरत नाही. अभिवादनातल्या ‘गुट’वर विसंबू नका, ठरीव बोलांत प्रमाण उच्चार सहज शिरतो. ब्रायटन बीचमध्ये युक्रेनकडची बोली सर्वांत जास्त आणि तिच्या मागे बेलारूसची, असे धरून चला.

हे काम घरापासून दूर बसून करता येते का, अशी शंका येईल. याच शहरात ते झाले आहे. भाषाशास्त्रज्ञ उरियल वाइनराइख यांनी १९५९ मध्ये कोलंबिया विद्यापीठात अश्केनाझी, म्हणजे मध्य आणि पूर्व युरोपातल्या, ज्यूंच्या भाषेच्या आणि संस्कृतीच्या नकाशाचे काम सुरू केले. युरोपातली ती गावे यिडिश भाषकांसकट नष्ट झालेली होती. म्हणून न्यूयॉर्क, इस्रायल आणि इतरत्र स्थलांतरित झालेल्या माणसांना विचारून सुमारे ६०० गावांची भाषा नोंदवली गेली. प्रश्नावली ३,००० हून अधिक प्रश्नांची होती. वाइनराइख १९६७ मध्ये वारले, मुलाखती १९७२ पर्यंत चालल्या, आणि काम हर्झोग व सहकाऱ्यांनी पुढे नेले. तुमच्या आजीचे गाव त्या यादीत आहे का ते मुलाखतीआधी पाहा. असेल तर तिच्याच गावचे साठ वर्षांपूर्वीचे उत्तर तुलनेला मिळते.

रेकॉर्डिंगचे तांत्रिक भाग झटपट सांगतो, कारण इथे चुका ठरावीक असतात. फोनवर काम भागवू नका. दोन वेगळे कॉलर माइक आणि दोन चॅनेलचा रेकॉर्डर घ्या, म्हणजे दोघे एकदम बोलले तरी आवाज वेगळे करता येतात. फाइल वेव्ह प्रकारची, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका चॅनेलचा एक तास सुमारे ५२० एमबी होतो, दोन चॅनेलचा साधारण १ जीबी. आवाजाची पातळी -१२ डेसिबलच्या आसपास ठेवा. म्हातारी माणसे हळू बोलतात आणि अचानक मोठ्याने हसतात. माइक हनुवटीच्या खाली वीतभर. अनेकांच्या गळ्यात आणीबाणीचे बटण लटकत असते आणि ते माइकवर आपटत राहते. बटण काढायला सांगू नका, माइक एका बाजूला लावा. श्रवणयंत्राची शीळ येत असेल तर माइक दुसऱ्या कानाच्या बाजूला. ब्रायटन बीच ॲव्हेन्यूवरून उंच लोखंडी पुलावर मेट्रोच्या बी आणि क्यू गाड्या जातात. त्या बाजूच्या खोलीत दर काही मिनिटांनी वाक्य बुडते, म्हणून मागची खोली मागा. समुद्राकाठच्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर लोक सुंदर बोलतात, पण तिथल्या वाऱ्यापुढे माइकवरचा साधा स्पंज टिकत नाही. केसाळ आवरण लागते. पाऊण तास झाला की थांबा, माणूस नको म्हणत असला तरी.

संमती तीन वेगवेगळ्या गोष्टींची घ्या: रेकॉर्ड करणे, संग्रहात ठेवणे, इंटरनेटवर लावणे. कागद रशियनमध्ये, १६ च्या टाइपात, आणि हा कागद कोणत्याही मदत योजनेकडे जाणार नाही हे पहिल्याच ओळीत. तोंडी संमतीही रेकॉर्ड करा. विस्मरणाचा त्रास असलेल्यांना प्रत्येक भेटीत नव्याने विचारा. मुलाने परवानगी दिली म्हणून आईची संमती झाली असे होत नाही. मुलगा-मुलगी खोलीत असले की तेच उत्तरे देतात, शिवाय आई-वडील त्यांच्यासाठी रशियनवर येतात, म्हणून शक्यतो बाहेर बसायची विनंती करा. गाव आणि जन्मसाल एकत्र छापले की या वस्तीत माणूस लगेच ओळखू येतो. जाहीर अहवालात फक्त प्रांत लिहा, गाव बंद फाइलमध्ये.

युद्धाबद्दल पहिल्या भेटीत विचारू नका. पण ते निघेलच. ‘१९४१ मध्ये कुठे होतात’ हा साधा प्रश्नही तिथे नेऊ शकतो. निघाले तर तोडू नका, भाषेच्या चुका टिपत बसू नका, फक्त ऐका. नंतर लगेच सामान आवरून निघू नका. चहा होऊ द्या, बोलणे आजच्या दिवसावर येऊ द्या, आणि सेंटरच्या समाजसेविकेला त्याच दिवशी सांगा.

अजून एक गोष्ट तुमच्या प्रश्नात नव्हती, पण सेंटरला तिचा उपयोग आहे. स्मृतिभ्रंशात काहींच्या बाबतीत नंतर शिकलेली भाषा आधी मागे पडते आणि पहिली पुढे येते. सगळ्यांचे असे होत नाही. पण ज्यांचे होते त्यांचे बोलणे कर्मचाऱ्यांना निरर्थक बडबड वाटते. पाणी (‘वासर’), दुखते आहे (‘एस टुट वेई’), थंडी (‘काल्ट’), गरम (‘हेइस’), झोप (‘श्लोफन’) असे वीस शब्द त्या व्यक्तीच्या बोलीतल्या उच्चारासह कार्डावर रशियन अक्षरांत लिहून द्या. मुलाखतीत मिळालेले उच्चार इथे थेट कामाला येतात.

आकडे मांडताना दोन सावधगिऱ्या. चाळीस माणसांवरून टक्केवारी काढू नका. ‘४० पैकी किती’ असे लिहा, आणि येणे, वापरणे, सांगणे यांचे तीन आकडे शेजारी-शेजारी द्या. दुसरे, अमेरिकेच्या जनगणना विभागाच्या आकड्यांशी तुलना जपून करा. तिथे घरात इंग्रजीखेरीज बोलली जाणारी एकच भाषा नोंदवली जाते. तुमची आजी तिथे ‘रशियन’ आहे, आणि तिची यिडिश त्या आकड्यात कुठेच नाही. २०११ च्या अंदाजात अमेरिकेत घरी यिडिश बोलणारे सुमारे १ लाख ६० हजार होते. त्यांत फार मोठा वाटा विल्यम्सबर्ग, बरो पार्क अशा भागांतल्या हसिदी, म्हणजे कट्टर धार्मिक ज्यू, कुटुंबांचा, जिथे लहान मुलेही यिडिशमध्येच खेळतात आणि भांडतात. ब्रायटन बीचपासून बरो पार्क काही मैलांवर आहे, पण भाषेच्या दृष्टीने स्थिती अगदी उलटी. ‘यिडिश मरते आहे’ असे सरसकट वाक्य तुमच्या अहवालात येऊ देऊ नका. या वस्तीतली, या पिढीची, धर्मनिरपेक्ष घरांतली यिडिश संपत आली आहे, एवढेच तुम्ही दाखवू शकता, आणि तेही पुरेसे महत्त्वाचे आहे.

सेंटरमधल्या प्रत्येक ज्यू व्यक्तीला यिडिशबद्दल विचारण्यातही अर्थ नाही. बुखाराचे, जॉर्जियाचे, कॉकेशसच्या डोंगरांतले ज्यू यिडिश कधीच बोलत नव्हते, आणि त्यांना ती येते असे गृहीत धरले की ते दुखावतात. मराठी वाचकाला हे पटकन कळेल, कारण अलिबाग-रेवदंड्याकडच्या बेने इस्रायली घरांची भाषा मराठी. इस्रायलमधल्या लोद, रामला, दिमोना इथल्या बेने इस्रायली वृद्धांची मराठी कोणाला नोंदवायची असेल, तर वरचे कोणाशी-कधी-शेवटचे-केव्हा हे प्रश्न जसेच्या तसे वापरता येतील. तिथे नातवंडे हिब्रूत उत्तर देतात एवढाच फरक.

लिप्यंतराचा वेळ आधीच धरा. एका तासाच्या संवादाला सरावलेल्या माणसाचे दहा तास जातात, नवख्याचे त्याहून जास्त. नेदरलँड्समधल्या नाइमेखनच्या मॅक्स प्लांक संस्थेने केलेली ‘इलान’ ही मोफत प्रणाली वापरा आणि तीन ओळी ठेवा: बोलीतला उच्चार जसा ऐकू आला तसा, प्रमाण यिडिश लेखन, आणि भाषांतर. उच्चाराच्या ओळीत ‘गिट’चे ‘गुट’ करू नका. रशियन शब्द आला तर तो रशियनच लिहा, त्याची यिडिश करू नका. कोणत्या जागी माणूस रशियनवर जातो हीच तुमच्या प्रबंधाची सामग्री आहे.

राहिला शेवटचा प्रश्न: यिडिश शिकावी लागेल का? लिप्यंतर तपासण्याइतकी, हो. अक्षरे दोन आठवड्यांत येतात, जर्मन येत असेल तर व्याकरण लवकर बसते, आणि न्यूयॉर्कमध्ये यिव्हो या यिडिश संशोधन संस्थेचा उन्हाळी वर्ग १९६८ पासून चालू आहे. पण प्रमाण यिडिश शिकून लगेच त्या भाषेत मुलाखती घ्यायला जाऊ नका, त्याचे कारण वर आलेच आहे. तोवर रशियन येणारा एखादा सहकारी जोडीला घ्या, तुमच्या यादीतल्या ‘नाही’ म्हणालेल्यांपैकी छोट्या गावांत जन्मलेल्यांना तोंडी प्रश्न विचारून घ्या, आणि जोड्या जुळवून रेकॉर्डिंग सुरू करा. वर्ग सुरू व्हायची वाट पाहत थांबू नका. जोडीच्या गप्पांत तुम्हाला बोलायचेच नसते. माइक नीट लावता आला आणि मासा गोड की मिरीचा एवढे विचारता आले की पहिले रेकॉर्डिंग होते.